बाबांची दारू कोणी सोडवली

बाबांची दारू कोणी सोडवली, यावर आमच्या गावात बरेच दावेदार आहेत. त्यांत बाबा नाहीत.

पहिला मान आत्याचा. ही बाबांची थोरली बहीण. तिने विरारच्या डोंगरावरच्या देवीला अनवाणी चढून जायचा नवस केला होता, आणि बाबांची बाटली सुटली ती त्या नवसाने, असं ती आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. मामाचं म्हणणं, त्याने एकदा बाबांना भर अंगणात कानाखाली वाजवली होती, तिचा परिणाम उशिरा का होईना झाला. आईची एक जुनी ख्रिस्ती मैत्रीण सांडोरहून भाजी घेऊन यायची. तिने बाबांसाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली होती. ती आणि आत्या समोरासमोर आल्या की श्रेयाची वाटणी मोठ्या सभ्यपणे चालते. "दोगींनी मिलून सोडवली," असं आत्या म्हणते खरी, पण "मिलून" म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि आई. आईने नालासोपाऱ्यातल्या कोणाकडून तरी एक पांढरी पावडर आणली होती. माणसाला न सांगता चहात घालायची, म्हणजे त्याला दारूचा वीट येतो म्हणे. आईने ती इमानेइतबारे घातली. बाबा त्या दिवसांत घरचा चहा पीतच नव्हते, कप तसाच आजीकडे सरकवायचे. आजीने जन्मात दारूला तोंड लावलेलं नव्हतं, तेव्हा पावडरीचा गुण तिच्यावर पुरेपूर आला म्हणायचा. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. तिचा दावा असा हकनाक बुडवायचं माझ्या जिवावर येतं.

या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी आहे. बाबांनी स्वतःच सोडली असेल, हे कोणाच्या मनाला शिवत नाही. पिणारा माणूस आपला आपण सुटतो यावर आपल्याकडे विश्वासच नाही. देवी सोडवते, मार सोडवतो, पावडर सोडवते, आणि शिकलेल्यांना विचारलं तर व्यसनमुक्ती केंद्र सोडवतं. पिताना मात्र तो एकटा जबाबदार असतो. पितो तो त्याच्या कर्माने आणि सुटतो तो दुसऱ्याच्या पुण्याईने, हा कुठला न्याय? मला याचा अजून राग येतो.

मी काय पाहिलं ते सांगते.

आम्ही खाडीकाठचे. आमची भातशेती खाजणात होती, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाआड. बांधाला एक उघाडी होती, ओहोटीच्या वेळी आतलं पाणी बाहेर सोडायची लाकडी झडप. आजोबा असेपर्यंत तिथे भात पिकायचा. मग मागच्या बाजूला भराव पडले, इमारती आल्या, बांध खचला, शेतात खारं पाणी शिरलं ते शिरलंच. बाबा वसईच्या एका कारखान्यात कामाला लागले. संध्याकाळी कारखान्यातून नाक्यावरच्या बारमध्ये, आणि तिथून घरी, कधी स्वतःच्या पायांनी, तर कधी काकाच्या स्कूटरवर मागे बांधल्यासारखे. ते कधी मारझोड करत नसत. नुसते येऊन भिंतीकडे तोंड करून झोपत. आम्ही त्यांच्या पाठीशीच बोलायला शिकलो होतो.

एका वर्षी पावसाळा सरताना ते कारखान्यातून थेट घरी आले, कपडे बदलले, फावडं आणि घमेलं उचललं आणि खाजणाकडे निघाले. आईची खात्रीच पटली की तिकडे कुठेतरी बाटली पुरलेली असणार. तिने मला मागे पाठवलं. मी तेव्हा कॉलेज संपवून नोकरी शोधत घरी बसले होते, म्हणजे असल्या हेरगिरीला अगदी मोकळी.

बाबा बांध घालत होते. जिथे बांध खचला होता तिथे ते चिखलाचे गोळे काढून एकावर एक बसवत होते आणि पायाने दाबत होते. त्यांचे हात इतके थरथरत होते की गोळा उचलला की निसटून पाण्यात पडायचा. ते मध्येच गुडघ्यांवर बसत, ओकत, खाडीच्या पाण्याने तोंड धूत आणि परत उठत. अंगावरचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. ज्या शेतात गवताची काडी उगवत नव्हती त्याच्या राखणीसाठी तो माणूस बांध घालत होता. मी तिवरांच्या आड उभी होते. मला तिथे उभंही राहवेना आणि निघूनही जाववेना. चुकून गाभाऱ्याचं दार उघडं दिसावं आणि आपण बघू नये ते बघावं, तसं मला झालं होतं.

अशी एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, त्या दिवसांत डॉक्टर जवळ असलेला बरा, हे मला पुढे कळलं. बाबांना ते कोणी सांगितलं नाही आणि ते कोणाला विचारायला गेले नाहीत. ते त्यातून निभावले याला मी नशीब म्हणते, शहाणपण म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी घरी आले आणि आईला म्हटलं, "बाटली नाही. बांध घालतायत." आई म्हणाली, "कसला बांद?"

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी तेच. नाक्यावरचा बार उघडायच्या वेळी बाबा खाजणात असायचे. थंडी आली तोवर हात थरथरायचे थांबले होते आणि बांध चांगला उभा राहिला होता. मग एका पौर्णिमेला उधाणाची भरती आली आणि तिने निम्मा बांध धुऊन नेला. आई उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, आता हा माणूस गेला परत बारमध्ये. मलाही तेच वाटत होतं. बाबा संध्याकाळी आले, खाजणापर्यंत जाऊन उरलेला बांध बघून आले, चपला काढल्या, आणि फावडं घेऊन परत गेले.

त्या दिवसापासून मला बाबांचा धाक वाटायला लागला. प्यायलेल्या बाबांना मी कधी घाबरले नव्हते. न पिणाऱ्या बाबांसमोर मात्र माझा आवाज आपोआप खाली यायचा. आपल्याच घरात, आपल्याच ताटाशेजारी बसून जेवणाऱ्या माणसात एवढं काही असेल, आणि ते त्याने इतकी वर्षं कोणाला दाखवलं नसेल, याचा मला अचंबा वाटायचा आणि अजून वाटतो.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाबा, कशी सोडलीत?" ते म्हणाले, "तिकरं परत खचलाय बग," आणि घमेलं माझ्या हातात दिलं.

गावाने मात्र बाबांना सुटलेला कधी मानलंच नाही. दावेदार सुद्धा मनातून धास्तावलेलेच. "सुटली नाय, थांबलीय," हे आमच्याकडचं आवडतं वाक्य. हळदीला बाबा गेले की लोक बाटल्या चटईखाली सरकवत आणि मग आपण किती समजूतदार आहोत हे एकमेकांना खुणेने सांगत. काही दिलदार मित्र याच्या उलट, "एक घे, बगू तरी सुटली का," म्हणून पेला पुढे करत. काकाने वसईच्या एका व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता आणून देव्हाऱ्याखाली ठेवला होता. "आपलं आपन नाय सुटत, दादा," तो दर सणाला म्हणे. मी केंद्रांना नावं ठेवत नाही. माझ्या मैत्रिणीचा भाऊ तिथूनच माणसात आला, नाहीतर त्याचं काही खरं नव्हतं. पण चालत्या माणसाच्या हातात कुबडी देऊन आधी ही घे, मग तू बरा झालास असं मानू, हा कोणता हट्ट?

या हट्टाने माझ्या लग्नातच पाय घातला.

मला आवडलेला मुलगा नंदाखालचा, केळी-नारळाच्या वाडीवाल्यांच्या घरातला. आम्ही विरारला एकाच पतपेढीत कामाला होतो. जात वेगळी, बोली वेगळी, पण तेवढ्याने आता कोणी आडवं पडत नाही. त्याची आई आडवी पडली ती बाबांमुळे. बाई शांत, नीटनेटक्या, घरात वाडवळी बोली आणि आमच्याशी शाळेत शिकवतात तसलं मराठी. त्यांनी काही लपवलं नाही. "माझा धाकटा भाऊ यातच गेला," त्या म्हणाल्या. "उपचार न घेता सुटलेली दारू मी पाहिली आहे. आपोआप सुटते ती आपोआप लागते. लग्नाआधी तुझ्या वडिलांनी कुठेतरी दाखल होऊन यावं, एवढंच माझं मागणं आहे. नाहीतर तारीख काढायची घाई नको."

मी घरी आले ती तणतणत. म्हटलं, मोडलं लग्न, गेलं उडत. जो माणूस बरा आहे त्याला आजारी म्हणून भरती करायचं आणि मग बरा झाला म्हणून पेढे वाटायचे काय? आई रडायला लागली. बाबा जेवत होते. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जातो मी."

"कशाला जाताय? काय झालंय तुम्हाला?"

"मना काय नाय झालं. तिचा भाऊ गेलाय," बाबा म्हणाले.

मी देव्हाऱ्याखालचा काकाचा पत्ता काढला. आम्ही दोघं केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी बाबांना बराच वेळ प्रश्न विचारले, डॉक्टरांनी तपासलं. बाबा शाळेतल्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून खरी खरी उत्तरं देत होते. शेवटी बाई म्हणाल्या की यांना दाखल करून घ्यायचं कारण नाही. कधी जड वाटलं तर जरूर या, नुसतं बोलायला या. मग मला म्हणाल्या, "असे पुष्कळ असतात. ते आमच्याकडे येत नाहीत, म्हणून आम्हाला दिसत नाहीत, आणि सुटल्यावर कोणाला सांगत नाहीत, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत." येताना मला रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक पोक्त माणसाकडे बघावंसं वाटत होतं. यातल्या किती जणांनी आपला आपण कसला कसला बांध घातला असेल, कोणाला ठाऊक.

मुलाच्या आईला हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "तसं लिहून नाही दिलं?" नव्हतं दिलं. तरी मुलाने घरी धरणं धरलं आणि साखरपुडा ठरला. तो आमच्या घरी, दुपारचा. जेवणानंतर लग्नाची तारीख काढायची की नाही, हे त्या बाईंच्या हातात होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. शुभकार्य असलं की आधी पितरांचं ताट वाढतात. तांदळाचे वडे, वालाचं बिरडं, आणि ताटाशेजारी आजोबांचा पेला, कारण आजोबा घ्यायचे. पितरांनी घेतलं असं मानून तो पेला घरातल्या थोरल्या मुलाने तोंडाला लावायचा, मगच पंगत बसते. बाबांनी सोडल्यापासून सर्वपित्रीला तो पेला काका गुपचूप रिकामा करत असे आणि आत्या तिकडे कानाडोळा करत असे. साखरपुड्याला काका तसाच पुढे झाला. आत्याने त्याचा हात धरला.

"तुजी पोर नाय ती. थोरल्याच्या पोरीचं कार्य हाय, थोरल्याचंच तोंड लागायला पायजे. आपला बापूस ताटावरून तसाच उठंल, आनि पोरीला ते बाधंल."

"आत्या, गप बस," मी म्हटलं.

"तू गप बस. एक घोट हाय. देवीनं सोडवलीय, एका घोटानं काय होनार नाय."

ज्या बाईने देवीला नवस केला तीच बाई पेला पुढे करत होती. तिची माया खोटी नव्हती, हे तर मोठं दुखणं. तिला खरंच माझी काळजी वाटत होती. दारात मुलाची आई उभी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाबा प्यायले तर त्या उठून जाणार, नाही प्यायले तर आत्या जन्मभर बोलणार आणि माझ्या संसारात दूध नासलं तरी त्याचं खापर या पेल्यावर फुटणार. आईने डोळे मिटले होते.

बाबांनी पेला उचलला. नाकाजवळ नेला नाही, लांबही धरला नाही. भरलेला पेला सांडू नये म्हणून माणूस चालतो तसे हळू चालत मागच्या दाराने बाहेर पडले. खाजण आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सगळी मंडळी मागोमाग निघाली. नेसलेल्या जरीच्या साड्या वर धरून, चपला हातात घेऊन बायका त्या चिखलातून एका रांगेत चालल्या होत्या.

भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं. बाबा बांधावर चढले आणि त्यांनी पेला खाडीत ओतला, थेंब न थेंब.

"बा," ते पाण्याकडे बघून म्हणाले, "आजवर तुजा वाटा मी पिलो. आज तुजा तू पी."

आम्ही सगळे बांधाखाली उभे होतो, वर फक्त बाबा. मला तो आपला बाप आहे हे क्षणभर खरं वाटेना. पितरांचं पितरांच्या हातात थेट देऊ नये, असं आत्याच्या शास्त्रात कुठे सापडत नव्हतं. तिने खाडीला हात जोडले, आणि मग बाकीच्यांनीही जोडले.

परत येऊन पंगतीची गडबड सुरू झाली. मुलाची आई अजून तारखेबद्दल काही बोलली नव्हती. बाबा मागच्या अंगणात नळावर पायाचा चिखल धूत होते. मी त्यांना पंचा द्यायला गेले तर त्या आधीच तिथे उभ्या. मी दारातच थांबले.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या.

"इचारा."

"अजून आठवते?"

"रोज," बाबा म्हणाले.

त्यांची नजर नळाकडे गेली. मग म्हणाल्या, "माझा भाऊ शेवटी शेवटी आमच्याकडे राहायला आला होता. एकदा मला म्हणाला, ताई, महिना झाला, हात लावला नाही. मी हसले. म्हटलं, तुझ्याने एकट्याने व्हायचं नाही, आधी कुठेतरी दाखल हो. तो उठून वाडीत गेला. मग परत प्यायला लागला." त्यांचा आवाज सारखाच होता, पण पदराचं टोक त्या पिळत होत्या. "तो खरं बोलत होता का हो? इतकी वर्षं झाली, मला तेवढंच कळत नाही. खोटं बोलत असला तर माझं काही चुकलं नाही. पण मला खरं काय ते कळायला हवं."

धीर द्यायला काहीबाही बोलणं बाबांना जमत नाही. त्यांनी विचार केला आणि विचारलं, "त्या दिसांत गोड खायचा काय?"

"गोड?" त्या गोंधळल्या. "गूळ खायचा. डबाच संपवायचा. लहान मुलासारखा हातात गुळाचा खडा घेऊन वाडीत फिरायचा, मी ओरडायचे त्याच्यावर."

"मी चिक्की न्यायचो, खिशात भरून. बांद घालताना." हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. "पिनारा गोडाला हात लावत नाय. सोडली का अंग गोड मागतं, लय मागतं. ते कोनाला सांगून समजत नाय. ज्यानं सोडली त्यालाच ठाव." नळ तसाच वाहत होता. "तुमचा भाऊ खरं बोलत व्हता, विहीनबाय."

त्यांनी पदर तोंडाला लावला. बाबा ओल्या पायांनी तिथेच उभे राहिले, त्यांच्याकडे न बघता, पण त्यांना सोडूनही न जाता.

आतून काकाने हाक मारली, गुरुजी तारखेसाठी खोळंबलेत म्हणून. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि तिथूनच मोठ्याने सांगितलं, "काढा तारीख. व्याही म्हणतील ती." मग परत बाबांकडे वळल्या.

"महिनाभर," त्या म्हणाल्या. "एकट्याने काढला हो त्याने."